दोन सेकंदांच्या चार जागा

४ मार्च

फटाकडे,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पण आज ते पत्राच्या शेवटी ठेवलेत. आधी ऐकून घे. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणत दुसरीकडे काहीतरी टाइप करत असतेस, ते मला ऐकू येतं. तीस वर्षं कर्णे आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या माणसाचे कान आहेत हे. कागदावरचं निदान नाकबूल करता येत नाही.

रविवारी खिळ्याला घेऊन सिनेमाला गेलो होतो. सिनेमा कोणता होता ते आता आठवतही नाही. आम्ही गेलो होतो त्याआधी दाखवतात त्या तुमच्या जाहिरातीसाठी. ज्या सिनेमाची प्रसिद्धी माझी भाची करते आणि ज्यात खिळ्याचं गाणं आहे, त्याचा ट्रेलर आम्हाला मोठ्या पडद्यावर बघायचा होता. खिळ्या म्हणजे लिफ्ट दुरुस्तीला खड्ड्यात उतरून ग्रीसने माखणारा माणूस, पण त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

बाहेर तुमचं पोस्टर होतं. नट मूठ वळून उभा आणि खाली लाल अक्षरांत, "ज्या गाण्याची त्यांना भीती वाटली." मी तिकीट तपासणाऱ्याला विचारलं, त्यांना म्हणजे कोणाला? तो म्हणाला, काका, आत जा, रांग थांबलीय.

तुला माहीत असलेलंच परत लिहितो, कारण तुमच्या ट्रेलरमध्ये त्यातलं काही उरलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी रंगाच्या कारखान्यात आग लागली. पिंपांच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. आत अकरा माणसं होती. कारखाना म्हणतो, सात. खिळ्याची थोरली बहीण त्या अकरांत होती आणि कारखान्याच्या सातांत नव्हती. तीन आठवड्यांनी खिळ्याने गाणं रचलं आणि माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, आम्ही ते ध्वनिमुद्रित केलं. त्याला रॅप म्हणतात हे मला त्यानेच शिकवलं. माझ्या मते ती फाटकावरची हजेरी आहे. बिल्ल्याचा नंबर पुकारायचा आणि गल्लीने "हजर" म्हणायचं. अकरा वेळा हजर. मध्ये कुलपाचं कडवं, किल्ली कोणाच्या खिशात होती त्याचं कडवं.

आता तुमचा ट्रेलर. लांबी दोन मिनिटं चौदा सेकंद, मी घड्याळ लावून मोजली. गाणं शेवटच्या त्रेचाळीस सेकंदांत आहे. सात नंबरांतले तीन राहिलेत. कुलूप नाही. किल्ली नाही. आणि शेवटच्या चार जागी, जिथे आम्ही काय ठेवलं होतं ते तुला ठाऊक आहे, तिथे बीप. हजार हर्ट्झची, दोन-दोन सेकंदांची, खणखणीत. चार वेळा. दर बीपनंतर "हजर". मग पडदा काळा आणि "एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी तुम्हीही हजर".

लोक हसले, फटाकडे. आमच्या पुढच्या रांगेतले दोघे कोणत्या बीपखाली कोणती शिवी असेल याच्या पैजा लावत होते. खिळ्या पहिला अर्धा तास बसला आणि मग उठून गेला.

मला एकच सांग. घाबरलं कोण? कारखान्याची नोटीस आली असेल तर तसं लिही. भीती मला कळते. भित्र्या माणसाला मी कधी दुकानातून हाकललं नाही.

आशीर्वाद.
मामा

*

९ मार्च

मामा,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि जेवण राहिलं. आईला सांगू नकोस.

तू चिडणार हे माहीत होतं. पण ट्रेलर म्हणजे सिनेमा नव्हे. ट्रेलर म्हणजे दुकानाची फळी. तूच फळीवर चकचकीत कर्णा ठेवतोस, आतला जुना तारांचा गुंता नाही ठेवत. आमच्या कचेरीत भिंतीवर एक पाटी आहे, "आधी दारात आणा". दारात आले की मग आत त्यांना काय ऐकवायचं ते ऐकवू.

आकडेच बघ, तुला आकडे आवडतात. नऊ दिवसांत तो ट्रेलर जितक्या लोकांनी पाहिला, तितक्यांनी दोन वर्षांत खिळ्याचं गाणं ऐकलं नव्हतं. शाळेतली मुलं एकमेकांना "हजर" म्हणून टाळी देतात. सदरे निघालेत, पाठीवर "हजर" छापलेले. कालपर्यंत जो आवाज तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर वळत नव्हता, तो आता सगळीकडे आहे. हे काहीच नाही का?

बीपचं म्हणशील तर ते वरून आलं. वकिलांनी, निर्मात्यांनी, सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्यात खिळ्याचंच संरक्षण आहे. शिवाय मामा, खरं सांगू, त्या चार जागा तूच मोकळ्या सोडल्या होत्यास. तू मला गाणं पाठवलंस तेव्हाच मी ओळखलं होतं. तुझ्यासमोर कोणी साधं "च्यायला" म्हटलं तरी तू पाना खाली ठेवतोस. खिळ्याने मालकाला चार शिव्या घातल्या असणार आणि तू त्या पुसल्या असणार. आम्ही फक्त तिथे पुसलंय हे लोकांना दाखवलं.

खिळ्याला म्हणावं, रागावू नकोस. पहिल्या खेळाला त्याला पुढच्या रांगेत बसवणार आहे. तूही ये. तो तपकिरी कोट घालू नकोस.

तुझी फटाकडी

*

१४ मार्च

भाचीबाई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा चष्मा पुसून वाचलं, न जाणो मीच काही चुकीचं वाचत असेन. नाही. तू तेच लिहिलंयस.

मी शिव्या पुसल्या? चुंबकीय फीत हातात धरून मी एक खोकला पुसायला तयार होत नाही, आणि मी शिव्या पुसणार? तुला लहानपणी मांडीवर बसवून तारेचा पहिला डाग झाळायला शिकवला तो काय यासाठी?

नीट ऐक. कारखान्याच्या फाटकावर नावाने कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. हजेरी बिल्ल्याच्या नंबराने. सात जणांना बिल्ले होते. उरलेले चार रोजंदारीचे. त्यांना सकाळी फाटकाशी उभं करून मुकादम बोटाने खुणावायचा, तू ये, तू ये. त्यांना ना बिल्ला, ना नंबर, ना वहीत ओळ. म्हणून तर कारखाना म्हणतो सात. खिळ्या गाणं म्हणताना त्या जागी आला आणि थांबला. म्हणाला, मामा, आता काय पुकारू? मी म्हटलं, जे फाटकावर पुकारलं जायचं तेच. काही नाही. तेवढा वेळ सोड. ठोका चालू ठेव, चार ठोके, बरोबर दोन सेकंद. मग हजर.

आणि ती जागा कोरी नाही. कोऱ्या फितीची शांतता मेलेली असते, कानाला लगेच कळतं. मी रेकॉर्डर खांद्याला लावून चार दिवस कारखान्याच्या भिंतीभोवती फिरलो. पहिली जागा मागच्या नळाशी घेतली, तिथे एक म्हातारा सुटीनंतर हात धुवायचा. नळ थेंब-थेंब गळतो, दोन सेकंदांत एक थेंब येतो, कान देशील तर सापडेल. दुसरी फाटकाच्या गजांशी, तिथे खिळ्याची बहीण उभी राहायची. वाऱ्याने गज किंचित वाजतो. तिसरी सायकलींच्या स्टँडपाशी, एकाची सायकल तिथे आगीनंतर अकरा दिवस तशीच उभी होती. चौथी कुंपणाबाहेरच्या दगडावर. चौघांतली शेवटची, एक बाई, तिथे बसून चपलेतले खडे काढायची, असं तिच्या नवऱ्याने सांगितलं. तिथे तसं काही वाजत नाही. नुसती हवा. ती मिळवायला सर्वांत जास्त वेळ गेला.

हे तुला मी तेव्हा लिहिलं नाही, हे मान्य. मला वाटलं, माझ्या हाताखाली वाढलेली पोर आहे, कानाने कळेल. सांगायला कमीपणा वाटला, असंही म्हण हवं तर.

आता तुझ्या संरक्षणाचं ऐक. खिळ्याची आई धुलाईकेंद्रात चादरींच्या घड्या घालते. तिथे सोबतच्या बाईने हसत-हसत विचारलं, तुमच्या मुलाने गाण्यात अशी काय घाण भरलीय हो, की ती झाकावी लागली? आईने घरी येऊन त्याला विचारलं, ताईच्या जागी तू शिवी ठेवलीस? त्याने नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. तेव्हापासून तो दुकानावर येतो, स्टुलावर बसतो आणि उठून जातो.

चकचकीत कर्णा मी फळीवर ठेवतो, बरोबर. पण आत जे वाजतं तेच तो वाजवतो. तुमच्या कर्ण्यात दुसराच माणूस बोलतोय. खरं जे वादाचं होतं, कुलूप, किल्ली, अकरा, ते तुम्ही काढलंत आणि खोटा वाद रंगवून विकायला मांडलात. लोकांना वाटतं त्यांना काहीतरी जहाल ऐकवलं जातंय. ऐकवलं जातंय ते घड्याळाच्या गजरासारखं एक टूं.

वरून म्हणजे कोणाकडून? वकिलाचं पत्र असेल तर त्याची प्रत पाठव.

आशीर्वाद या वेळी शिल्लक नाहीत.
मामा

*

२२ मार्च

मामा,

आठ दिवस पत्र लिहीत होते आणि फाडत होते.

वकिलाचं पत्र नाही. कोणाचंच नाही. कारखान्याने आम्हाला एका ओळीचा कागद पाठवला नाही. त्यांना बहुधा सिनेमा येतोय हेही ठाऊक नसावं. ज्यांना भीती वाटली ते "ते" कोणीच नाहीत. ती ओळ मी लिहिली. बसमध्ये, दोन थांब्यांच्या मध्ये.

तुला आमची पद्धत सांगते. ट्रेलर बाहेर जाण्याआधी चाळीस अनोळखी माणसं एका खोलीत बसवतात. प्रत्येकाच्या हातात एक छोटी डबी आणि तिच्यावर फिरतं बटण. आवडलं की उजवीकडे, कंटाळा आला की डावीकडे. शेजारच्या खोलीत आमच्यासमोर एक रेघ वर-खाली होत असते. रेघ जिथे खाली जाते तिथे कात्री. बाकी कोणाचं मत विचारत नाहीत.

गाणं सुरू झालं तेव्हा रेघ वर होती. चौथ्या नंबराला उतरायला लागली. कुलपाच्या कडव्याला अजून उतरली. रागावून नाही, मामा. रागावले असते तर मी भांडले असते. त्यांना कंटाळा आला. आणि तुझ्या शांततेला रेघ तळाला गेली. पहिल्याच जागी एका माणसाने हात वर करून सांगितलं की स्पीकर बंद पडलाय. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. गाणं मी आणलं होतं. मी म्हटलं, बीप टाकून बघू. दुसऱ्या दिवशी नवे चाळीस बसवले. रेघ छताला लागली. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी घरी येताना स्वतःसाठी केक घेतला.

तुझं पत्र आल्यावर मी मूळ प्रत काढली. कानाला चांगले हेडफोन लावले. थेंब सापडला. गज सापडला. चौथ्या जागेला मी हेडफोन काढून ठेवले.

ट्रेलर आता परत घेता येत नाही, तो सगळीकडे पोचलाय. पण सिनेमासाठी भांडले. साहेब म्हणाले थिएटरवाले तक्रार करतील. मी दिग्दर्शकाला तुझं पत्र वाचून दाखवलं, नळ आणि सायकल आणि दगड. त्याने माझी बाजू घेतली. सिनेमात पूर्ण गाणं राहील, सात नंबर, कुलूप, किल्ली, आणि चारही जागा तू दिल्यास तशा. बीप नाही. हे मी लेखी घेतलंय.

खिळ्याला आणि त्याच्या आईला घेऊन ये. कोणताही कोट घाल.

फटाकडी

*

११ एप्रिल

फटाकडे,

तू सांगितलंस त्यातलं अक्षर न अक्षर खरं निघालं. सिनेमात गाणं पूर्ण आहे. मी मोजलं. तीन मिनिटं बावन्न सेकंद, एक ठोका कमी नाही. तुझ्या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी नोंदवून ठेवतो.

आता काय झालं ते ऐक. पहिल्या खेळाला तू आम्हाला पुढच्या रांगेत बसवलंस आणि तुला बाहेर पत्रकारांकडे जावं लागलं, म्हणून तू ते पाहिलं नाहीस. खिळ्या माझ्या डावीकडे, त्याची आई उजवीकडे, मांडीवर पिशवी धरून. सात नंबर गेले, थिएटर "हजर" म्हणत होतं, मलाही क्षणभर बरं वाटलं. मग पहिली जागा आली. थेंब पडायच्या आत निम्म्या थिएटरने "बीप" म्हणून गिल्ला केला. महिनाभर तुम्ही त्यांना शिकवलंयत ना. दुसऱ्या जागेला त्यांची भीड चेपली आणि मागून कोणीतरी खरी शिवी दिली, आईवरून. तिसरीला दहा-पंधरा जण. चौथीला काय झालं ते मी लिहीत नाही, लोक एकमेकांवर चढाओढ करत होते. वाईट माणसं नव्हती ती. आपापल्या बायकापोरांना घेऊन आलेली. त्यांना खरंच वाटत होतं की ते गाण्याला साथ देतायत.

खिळ्याच्या आईने मला विचारलं, माझ्या पोरीची जागा कितवी? मी म्हटलं, दुसरी. ती म्हणाली, "म्हणजे ती पहिली शिवी."

तरी हे एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. तोंड मिटून बसलो असतो. पण गोष्ट आता थिएटरात राहिलेली नाही.

त्या चार घरांचा अर्ज कामगार चौकशीपुढे आहे हे तुला माहीत आहे. मागणी एवढीच, की मृतांच्या यादीत अकरा लिहा. कारखान्याचा वकील म्हणतो, ही चार माणसं आत नव्हतीच, घरच्यांनी वर्षाने डोकं चालवून ती जोडली. त्यावर आमच्याकडे एक गोष्ट होती. आगीनंतर तीन आठवड्यांत मुद्रित झालेलं गाणं, ज्यात अकरा वेळा हजर आहे. वर्षाने जोडलेली माणसं तीन आठवड्यांत कशी मोजली? परवा सुनावणी होती. मी मूळ फीत घेऊन गेलो.

वकिलाने फीत वाजू दिली. मग खिशातून फोन काढला आणि तुमचा ट्रेलर वाजवला. म्हणाला, हजर अकरा आहेत, माणसं सातच. बाकीच्या चार मालकाला दिलेल्या शिव्या आहेत. सिनेमावाल्यांनाही त्या झाकाव्या लागल्या आणि जनता त्या थिएटरात मोठ्याने म्हणते. या गृहस्थांच्या फितीवर त्या जागा रिकाम्या दिसतात, कारण त्यांनी शिव्या मागाहून पुसल्यात.

मी उठलो. सांगितलं की फीत पुसली तर जोडाच्या जागी आवाज तुटतो, इथे तुटत नाही, ठोका अखंड आहे, मागे वारा आहे, थेंब आहे. त्याने शांतपणे विचारलं, "आपलं शिक्षण?" मी म्हटलं, सातवी. "ध्वनितंत्राचं?" मी म्हटलं, तीस वर्षं. तो कारकुनाकडे वळून म्हणाला, लिहा, नाही. आणि कारकुनाने लिहिलं, नाही.

मी ज्या माणसांच्या यंत्रांना आवाज दिला त्यांच्यात अर्धे अभियंते होते. पण त्या खोलीत मी कोणीच नाही. माझ्या सांगण्याला तिथे शांततेइतकीही किंमत नाही.

अधिकारी मात्र सरळ माणूस दिसतो. तो म्हणाला, बीप ज्याने घातली त्याने येऊन सांगावं की तिच्याखाली काय होतं. पुढची तारीख चोवीस एप्रिल, सकाळी साडेअकरा.

ती तू आहेस. गाणं मी तुला मुद्रणाच्या त्याच आठवड्यात पाठवलं होतं, तुझ्या संगणकात त्याची तारीख असेल. अर्ज त्यानंतर वर्षाने झाला. तेव्हाही त्या जागा अशाच होत्या, हे खिळ्या सोडला तर जगात दोनच माणसं सांगू शकतात, आणि त्यातला एक सातवी पास आहे.

ये.
मामा

*

१६ एप्रिल

मामा,

करारात लिहिलंय की सिनेमाच्या प्रसिद्धीचं काम कसं झालं ते बाहेर कुठेही बोलायचं नाही. सही माझी आहे. मी साहेबांना नुसतं विचारून पाहिलं. ते ओरडले नाहीत. पुढचा मोठा सिनेमा पूर्णपणे माझ्याकडे द्यायचं त्यांच्या मनात आहे, एवढंच म्हणाले. आणि चौकशीच्या बातमीत "भीती वगैरे कोणाला वाटली नव्हती" असं छापून आलं तर पोस्टरचं काय करायचं, ते तूच सांग, असं म्हणाले.

दिग्दर्शकाने पत्र दिलं तर चालेल का? किंवा खिळ्याने सांगितलं तर? गाणं त्याचंच आहे. मी मूळ प्रत तारखेसह पाठवू शकते, माझं नाव कुठे न येता.

मी नाही म्हणत नाहीये. मार्ग विचारतेय.

फटाकडी

*

१९ एप्रिल

भाचीबाई,

दिग्दर्शकाने बीप घातली नाही. खिळ्याचं सांगणं वकील एका वाक्यात उडवेल, बहीण त्याची आहे. आणि नावाशिवाय आलेली प्रत म्हणजे बिल्ल्याशिवाय आलेला माणूस. तिची नोंद कशी होते ते आपण बघतोच आहोत.

मी तुला आग्रह करणार नाही. आग्रह करायला मला येत नाही, तुझ्या आईला विचार. फक्त एक लक्षात ठेव. तुमच्या त्या खोलीत चाळीस जणांना एक-एक बटण दिलं होतं. या खोलीत त्या चौघांना काहीच दिलेलं नाही.

मामा

*

२६ एप्रिल

मामा,

तू बाकावर शेवटी बसला होतास आणि सुनावणी संपल्यावर मला न भेटता निघून गेलास. आईने सांगितलं की तुझे डोळे आले आहेत. बरं. आले असतील. पण तू गेल्यावर जे झालं ते तुला माहीत नाही आणि ते तुला कागदावर हवं असेल, म्हणून लिहिते.

तुझ्यासमोर झालं तेवढं तू ऐकलंसच. वकिलाने मला विचारलं की बीप घालताना त्या जागी काय आहे असं मला वाटलं होतं. मला खोटं बोलता आलं असतं. सांगता आलं असतं की मला सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, शिव्या असतील असं वाटलं. तो इतका खूश झाला की त्याने खुर्ची मागे सारली. मग मी सांगितलं की मी ऐकलंच नव्हतं. मी रेघ बघत होते. चाळीस लोकांना कंटाळा आला म्हणून मी तिथे आवाज घातला, आणि झाकायला खाली काही नव्हतं. प्रत माझ्याकडे आली ती तारीख दाखवली. त्याने विचारलं, मग पोस्टरवर भीतीची गोष्ट कुठून आली? मी म्हटलं, मी रचली. कारकून थांबून बघायला लागला. अधिकारी त्याला म्हणाले, लिहा.

इथवर तू होतास. मग जेवणाची सुट्टी झाली आणि तू उठलास.

सुट्टीनंतर अधिकाऱ्यांनी खिडक्या लावायला सांगितल्या. पंखा बंद करायला सांगितला. मी आणलेला स्पीकर टेबलावर ठेवला, तू मला दिलेला नव्हे, कचेरीतला, तू त्याला नाव ठेवशील. चारही जागा एकामागून एक वाजवल्या, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. त्यांनी प्रत्येक जागेला विचारलं, ही कुठली? मी तुझ्या पत्रातून वाचलं. नळ. गज. सायकलींचा स्टँड. दगड. वकील मध्ये बोलणार होता, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. कारकुनाला सांगितलं की चारही ठिकाणांची पाहणी होईल, आणि चारही घरांचे जबाब यापुढे स्वतंत्रपणे घेतले जातील. यादी अजून सातचीच आहे, मामा. पण सात हा आकडा त्यांनी पेन्सिलने लिहून घेतला, मी बघितलं.

नोकरीचं आईने सांगितलंच असेल. पत्र आजच आलं, दोन ओळींचं. पोस्टर बदललेलं नाही. सदरे चालूच आहेत. आज बसमध्ये एकाच्या पाठीवर होता. मी त्याला थांबवून काहीतरी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, उतरायचं होतं.

बाहेर जिन्यात खिळ्याची आई उभी होती. मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, वाक्यं चांगली होती, तो माझा धंदाच आहे. तिने ती काही म्हणू दिली नाहीत. विचारलं, "तो आवाज तू घातलास ना?"

मी हो म्हटलं.

तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "मग पुढच्या तारखेलाही ये. अजून चारही घरांचे जबाब आहेत."

तारीख नऊ मे आहे, साडेदहा. मी जाते आहे.

तुझी भाची